पेटी हलली, अर्ज हलेना

दिल्लीत मोठं काम पार पडलं. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेल पेट्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या यंत्रणेतून उचलल्या आणि झोहो कंपनीच्या नव्या यंत्रणेत नेऊन ठेवल्या. 2023 साली सात वर्षांचं कंत्राट दिलं होतं. 2025च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. पत्ते तेच राहिले, शेवटचं ‘जीओव्ही डॉट इन’ही तेच. दारावरची पाटी न काढता आतलं बिऱ्हाड हलवलं म्हणा ना! सरकारला ही कला येते, याची नाशिक जिल्ह्यातल्या आम्हा सुरगाणेकरांना कल्पना नव्हती.

अशी यंत्रणा बदलताना आधी मूठभर पेट्या हलवून बघतात. सगळ्याची एक प्रत काढून ठेवतात. मधल्या काळात आलेलं एकही पत्र वाटेत पडू नये, म्हणून जुनी आणि नवी यंत्रणा काही दिवस शेजारी शेजारी चालवतात. मग सुट्टीच्या एखाद्या रात्री टपालाची वाट नव्या यंत्रणेकडे वळवायची. सोमवारी साहेब कचेरीत येतात, तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा जागच्या जागी.

आमचं सुरगाणा संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात हलवलं. तेव्हा प्रत काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नसावं. कारण 2006 साली वनहक्क कायदा आला आणि आदिवासी शेतकऱ्याला म्हणाला, 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून ही जमीन कसत होतात, याचा पुरावा आणा. साहेबांच्या शुभेच्छा यंत्रणेनं जपायच्या. नागलीच्या शेताचा पुरावा मात्र नागली लावणाऱ्यानं जपायचा.

2022च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी तहसीलदारांकडे निवेदन दिलं: आम्हाला गुजरातेत घाला. पलीकडे रस्ते आहेत, वीज आहे, दवाखाना आहे. इकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण. तांत्रिक अंगानं पाहिलं तर मागणी अगदी साधी होती. माणसं तीच, घरं तीच, डोंगरही तेच. फक्त सेवा पुरवणारा बदला. यावर मात्र राज्याची अस्मिता खडबडून जागी झाली. पाहण्या झाल्या, बैठका झाल्या, आश्वासनं झाली. गावं महाराष्ट्रातच राहिली. ई-मेलचं कंत्राट सात वर्षांचं, आमचं बेमुदत.

बरं, आम्हाला पत्रव्यवहाराचं वावडं आहे असंही नाही. आमची आपली एक टपालसेवा आहे आणि ती कुठल्याही यंत्रणेपेक्षा भरवशाची आहे. 2018च्या मार्चमध्ये वनपट्ट्यांचं गाऱ्हाणं घेऊन सुरगाण्याची माणसं इतर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांबरोबर नाशिकहून निघाली, 180 किलोमीटर चालली आणि 12 तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर होती. पायांना फोड आले, पण पोहोच मिळाली. उत्तर त्याच दिवशी, तेही लेखी: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. पुढे 2019 साली आणि 2023 साली तेच पत्र पुन्हा चालत पाठवावं लागलं. पहिलं बहुधा स्पॅममध्ये गेलं असावं.

आता पेट्या नव्या झाल्या. पण कचेरीत (कुठल्या ते विचारू नका, सगळीकडच्या सारख्याच) ई-मेल आला की तो छापतात. छापला की आवक बारनिशीत चढवतात. शिक्का मारून, टिपणी जोडून साहेबांपुढे ठेवतात. साहेबांची सही झाली की तो कागद स्कॅन होतो आणि पुन्हा ई-मेलनं पुढच्या कचेरीत जातो. तिथे तो छापतात.

‘भाऊसाहेब, अर्ज मेलनं पाठवला होता.’

‘मिळाला की. आता प्रत्यक्ष आणून द्या.’

‘प्रत्यक्ष म्हणजे?’

‘म्हणजे मेल मिळाला, असं लिहायला कागद नको का?’

याला उत्तर नाही. माणूस मुकाट्यानं झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो. यंत्रणेची आवृत्ती कितीही नवी येवो, मेल आणि सही यांच्यामधला हा मुक्काम हलवायचं कंत्राट अजून कुणी घेतलेलं नाही. निविदाच निघालेली नाही म्हणा.

तेव्हा मायबाप सरकारला विनंती एकच. पुढचं कंत्राट कराल तेव्हा त्यात एक अट घाला: प्रत्येक कचेरीच्या पेटीत न उघडलेली पत्रं किती पडून आहेत, तो आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाहेरच्या फलकावर लागला पाहिजे. यासाठी वेगळा खर्च नाही. यंत्रणा तो आकडा रोज मोजतेच, आणि साहेबांना तो पेटीच्या नावाशेजारी ठळक अक्षरांत दिसतोच.