सुरू करत आहे…

माझा फोन मराठीत बोलतो. ही मी हौसेने केलेली सोय आहे आणि घरच्यांच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळही तेच आहे. "इंग्लिशमध्ये ठेवला असतास तर बिघडला नसता, बाबा," असं आमचे चिरंजीव चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगतात. तर या मराठी फोनवर गेल्या सोमवारी सकाळी मी वाय-फायचं बटण दाबलं. बटण सरकल्यासारखं झालं, मध्येच थांबलं, करडं पडलं आणि खाली अक्षरं उमटली : 'सुरू करत आहे…'

दात घासून आलो, तरी तेच. चहा झाला, तरी तीन टिंबं तशीच. संध्याकाळी ऑफिसातून परत आलो तेव्हाही फोनचं चालू होणं चालूच होतं.

दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस एव्हाना वैतागला असता. मी कांदिवलीचा, त्यातही चारकोपचा. आमच्या न्यू लिंक रोडवरच्या मेट्रोचं भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झालं आणि डहाणूकरवाडीहून पहिली गाडी सुटली २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर. मधली साडेसहा वर्षं आम्ही पत्र्याच्या कुंपणाशेजारून रिक्षा काढत 'सुरू करत आहे' याच अवस्थेत काढली. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने चारकोपला छोटे छोटे भूखंड आखून दिले. घर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीने बांधायचं. आमच्या वडिलांनी आधी एक खोली बांधली, मग पत्रा चढवला, मग स्लॅब टाकला, मग वरचा मजला. घर पूर्ण झालं असं त्यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही. तेव्हा तीन टिंबं मला नवी नाहीत.

पण डेटा संपणं नवं होतं. रोजचा दीड जीबी सकाळी साडेनवालाच संपला आणि घरात आणीबाणी जाहीर झाली.

आपल्याकडे आजारी माणसाला जसे डॉक्टरआधी नातेवाईक तपासतात, तसंच फोनचं. पहिला इलाज चिरंजीवांचा : बंद करून चालू कर. दुसरा इलाजही त्यांचाच : विमान मोड लावून काढ. विमान मोड लावला, काढला. विमान कुठेच गेलं नाही. मग सौ. म्हणाल्या, "अहो, तांदळात ठेवा." म्हटलं, तो पाण्यात पडला नाहीये. तर म्हणाल्या, "पडला नसेल, पण दमट झाला असेल." शेजारच्या बेन मदतीला धावल्या. त्यांचं म्हणणं तांदूळ जुना हवा. आमच्याकडे आंबेमोहोर, त्यांच्याकडे कोलम. रात्रभर फोन कोलममध्ये झोपला. सकाळी त्याच्या चार्जिंगच्या भोकात एक कणी अडकलेली निघाली, ती टाचणीने काढण्यात आणखी अर्धा तास गेला. वाय-फाय सुरू करतच होता.

मंगळवारी बातमी सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत पोचली. सेक्रेटरीकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, म्हणजे बंद पडलेल्या संपर्कसाधनांचा त्यांचा अनुभव दांडगा. त्यांनी आधी मला 'वाय-फाय म्हणजे काय' हे विचारलं. मी गप्प. "वायरलेस फिडेलिटी!" असं स्वतःच सांगून त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. खरं तर हे नाव १९९९च्या सुमारास एका ब्रँडिंग कंपनीने सुचवलं ते कानाला बरं वाटावं म्हणून. त्याचा लांबलचक अर्थ घोषवाक्यात मागाहून चिकटवला. नामकरण आधी आणि नवस नंतर. पण ज्या गृहस्थाच्या सहीशिवाय आपल्याला गाडी लावायची जागा मिळत नाही, त्याची चूक काढायची नसते.

काका म्हणाले, "नेटवर्क विसरा."

मला वाटलं, गीतेतलं काही सांगतायत. पण ते फोनमधल्या पर्यायाबद्दल बोलत होते. घरच्या वाय-फायच्या नावावर बोट ठेवायचं, 'विसरा' म्हणायचं आणि मग नव्याने ओळख करून घ्यायची. संसारात हे कितीदा करून पाहिलंय, त्याचा इथे उल्लेख नको. अडचण एवढीच, की विसरायला आधी नाव दिसावं लागतं आणि वाय-फायच बंद म्हटल्यावर माझ्या फोनवर एकही नाव दिसत नव्हतं.

तेव्हा कळलं की मला त्या नावांची सवय झाली होती. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून घरं. वाय-फाय लावलं की अख्खी गल्ली पडद्यावर उतरते. 'जय जिनेंद्र', 'श्री स्वामी समर्थ ५जी', 'पासवर्ड मागू नये', 'मागच्या महिन्याचे पैसे द्या', 'आई एकवीरा', आणि एक नुसतंच 'नाही'. कोण नव्याने राहायला आलं, कुणाकडे केबलवाल्याने नवा डबा बसवला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरून घरात 'वेड्स' घुसलं, हे सगळं त्या यादीत कळायचं. दोन दिवस मला गल्लीची खबरच नव्हती. 'नाही' कोण, ते मी अजून शोधतोय.

विसरणं जमेना, तेव्हा काकांनी मोठं शस्त्र काढलं : रीसेट. वाय-फाय, मोबाइल, ब्लूटूथ, सगळं एकदम. फोनने तंबी दिली, हे पूर्ववत करता येणार नाही. काकांनी माझा अंगठा धरून दाबला. फोन पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याला कानातल्या बिनतारी गुट्ट्यांचीही ओळख उरली नव्हती. त्या पुन्हा जोडायला गेलो तर जुळेनात. "रीसेटनंतर थोडा वेळ लागतो," काका म्हणाले आणि पाण्याची टाकी बघायला निघून गेले. (हे गुट्ट्यांचं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

हे रीसेट प्रकरण माझ्या जिवाला लागलंय. बिघडलेलं नेमकं काय, ते शोधायचं नाही. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पुसायचं कुणाचं, तर आपलं. नवीन योजना येते, जुन्या अर्जांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. २०१७च्या जानेवारीत 'आपले सरकार मुंबई वाय-फाय' म्हणून शहरात ५०० ठिकाणी हवेतून इंटरनेट वाटायला सुरुवात झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारीतच, रेलटेल आणि गूगलने मुंबई सेंट्रल स्टेशनापासून रेल्वेचं मोफत वाय-फाय आणलं. २०२०मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतलं. 'नेटवर्क विसरा' हा पर्याय वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

घरगुती इलाजांना हसू नये म्हणा. साहेबाच्या देशातही तेच चालतं. २०१३मध्ये आयफोन ४एसला आयओएस ७ चढवल्यावर कितीतरी लोकांचं वाय-फायचं बटण असंच करडं पडलं होतं, तर भले भले लोक ते फोन पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवत होते. काही जण उलट हेअर ड्रायरने शेकत होते. काहींचं म्हणे दोन दिवस चालायचं, मग पुन्हा करडं. कोलम त्यांना माहीत नव्हता एवढंच.

बुधवारी सुट्टी टाकून मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुमचीही तीच असेल. थंडगार हवा, टोकन क्रमांक ४७, काउंटरवर हसतमुख मुलगी. तिने फोनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "सर, बॅकअप घेतलाय?" म्हटलं, फोन चालू आहे, फक्त वाय-फाय नाही. "सर, बॅकअप घेतलाय?" शेवटी फोन आत गेला. चाळीस मिनिटांनी एक तरुण बाहेर आला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "सर, लिक्विड डॅमेज."

आत म्हणे एक पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. माझी लाल झाली होती. लाल म्हणजे अगदी लाल नव्हे, चिंचेच्या गोळीसारखी गुलाबी. आता कांदिवलीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले जोडे हिरवे होतात, मीठ बरणीत चिकटून बसतं, पापड ताटात येईपर्यंत मान टाकतो. माणसाच्या आत अशी पट्टी चिकटवली तर तीही नारळी पौर्णिमेपर्यंत लाल होईल. पण कंपनीच्या कागदावर पावसाळा हा ग्राहकाचा निष्काळजीपणा असतो. इलाज काय? "पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल. ११,४०० अधिक कर." फोन १३,९९९चा. "त्यापेक्षा सर नवीनच घ्या. एक्स्चेंज चालू आहे." जुन्याचे किती? त्याने यंत्रात पाहिलं. "वाय-फाय चालत नसेल तर ३५०."

नुसता वाय-फायचा भाग दुरुस्त होत नाही का, असं विचारल्यावर तो इतक्या करुणेने हसला की माझीच मला लाज वाटली. आपल्या देशात दुरुस्तीचा हक्क नावाची चीज आहे बरं का. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलसुद्धा उघडलं. हक्क इंटरनेटवर आहे. ज्याचं इंटरनेट बिघडलंय त्याने तिथे जाऊन पाहावं.

स्टेशनजवळच्या एका गल्लीत, कव्हरवाल्याच्या आणि वडापावच्या गाडीच्या मध्ये, एक चार फुटांचं टेबल आहे. दुकान म्हणण्याइतकं दार त्याला नाही. पंचविशीतला कारागीर, समोर सूक्ष्मदर्शक, वर एक छोटा पडदा, भोवती उघड्या पडलेल्या फोनांची कलेवरं. मी माझी कर्मकथा सुरू केली. तांदळापर्यंत आलो असेन, त्याने हात वर केला.

"अंकल, ब्लूटूथ चालू होता है?"

मी थांबलो. तीन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या गुट्ट्या! त्याने बटण दाबून पाहिलं. ब्लूटूथही करडं. मग फोनविषयीच्या माहितीत गेला, वाय-फायच्या पत्त्यापुढे आकडे असायला हवे होते तिथे 'अनुपलब्ध' असं छान मराठीत लिहिलं होतं. "दोनो एकही आयसी में रहता है. आयसी उठ गया है. पानी-बिनी कुछ नहीं." अर्धं मिनिट लागलं असेल त्याला. पीछे के जेब में रखते हो क्या, असंही विचारलं. विरार लोकलमध्ये कांदिवलीला उतरण्यासाठी मागच्या खिशाची काय अवस्था होते ते त्याला माहीत असणारच, तोही नालासोपाऱ्याहून येतो.

झालं होतं असं, की नखाहून लहान एक चिप बोर्डावर धातूच्या इवल्या थेंबांनी चिकटवलेली असते. पूर्वी त्या थेंबांत कथील आणि शिसं असायचं. जुलै २००६पासून युरोपने शिशावर निर्बंध घातले आणि हळूहळू सगळीकडेच बिनशिशाचा मसाला आला. जुना १८३ अंशांना वितळायचा, नवा २१७च्या आसपास. तब्येतीला चांगला, पण स्वभावाने ठिसूळ. फोन वाकला, आपटला, तापून निवत राहिला, की एखादा थेंब तडकतो. चिप जागच्या जागी दिसते, पण बोलत नाही. अशी माणसं माझ्या ऑफिसात पुष्कळ आहेत.

त्याने बोर्ड बाहेर काढला, शेजारच्या भागांवर पिवळी चिकटपट्टी लावली, चिपभोवती पेस्टचा थेंब सोडला आणि गरम हवेची नळी वरून फिरवायला लागला. धूर आला, राळेसारखा वास आला. मला लहानपणचा कल्हईवाला आठवला. भाता, लाल झालेलं पातेलं, चिमूटभर नवसागर, कथलाचा एक घास आणि कापसाचा बोळा फिरला की पातेलं चांदीचं. नवसागराच्या जागी पेस्ट आली, भात्याच्या जागी नळी. आईने कल्हईवाल्याला कधी विचारलं नाही, पातेल्याचा मदरबोर्ड बदलावा लागेल का. पडद्यावर मी पाहत होतो. त्याने चिमट्याच्या टोकाने चिपला हलकेच टोचलं. ती पाण्यावरच्या पानासारखी सरकली आणि आपोआप जागेवर येऊन बसली. "बैठ गया," तो म्हणाला.

सातशे रुपये. गॅरंटी? "दुकान इधरही है, अंकल."

त्याने बटण दाबलं. निळं झालं. टिंबं नाहीत, काही नाही, सरळ निळं. आणि खाली त्या गल्लीतली नावं भराभरा उतरायला लागली, 'चहावाला', 'दुकान २', 'जय माताजी', 'मत पूछ'. मी सगळी वाचून काढली. परत निघताना तो म्हणाला, "अब रीसेट-वीसेट मत करना."

घरी आल्यावर मी हे सगळं नीट सांगितलं, थेंबांसकट. सौ. म्हणाल्या, "बघा, कोलमने थोडं तरी सुकलं म्हणूनच त्याला जमलं." बेनने मान डोलावली. चिरंजीव म्हणाले, आता तरी इंग्लिश कर. सेक्रेटरीकाकांनी मात्र शांतपणे विचारलं, "रीसेट केल्यावर तुमच्या यादीतलं घरचं नाव गेलं होतं ना?" म्हटलं, हो, गेलं होतं. "म्हणजे विसरला होतात ना?" म्हटलं, त्या अर्थाने, हो. "मग!"

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश पडला. नेटवर्क विसरल्याने एका सभासदाचा बंद पडलेला वाय-फाय सुरू झाल्याचा अनुभव आला असून, सर्वांच्या माहितीसाठी येत्या रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटी कार्यालयात मार्गदर्शन ठेवले आहे. चहा-बिस्किटांची सोय केली आहे. सभासदांनी आपापले फोन सोबत आणावेत. खाली तेवीस अंगठे आले होते. चोविसावा मी दिला, कारण गाडीच्या जागेचा अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे.