ताटामागे दर जास्त

परदेशी स्थायिक झालेला पुतण्या लग्नाला सांगलीत येतो, तेव्हा त्याला सांगली नको असते. तो सोडून गेला त्या सालची सांगली हवी असते. ती कधीच पुण्याला नोकरीला गेली, हे त्याला विमानतळावर कोणी सांगत नाही.

त्याला हवी असते पाटावरची पंगत, अळूची भाजी, मठ्ठा. कार्यालयात मात्र पास्त्याचं लाइव्ह काउंटर, आणि रांगेत पुढे सगळे काका. न्यू जर्सीची सूनबाई नऊवारी आणि नथ सांभाळत घामाघूम; गावातल्या नणंदा लेहंग्यात. परदेशातून कोण आलंय ते कपड्यांवरून कळत नाही, हातातल्या सीलबंद पाण्याच्या बाटलीवरून कळतं.

हळदीची तर बातच नको. सांगली हळदीची पेठ. 2018 साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता समारंभात कपडे पिवळे, पडदे पिवळे, नळकांड्यातून निघणारा धूरही पिवळा. नवरीला हळद मात्र चिमूटभर, कारण मेकअप बिघडतो. मुहूर्त गुरुजी काढतात, पण अंतरपाट सरकतो तो ड्रोनवाल्याने मान डोलावली की.

तेवढ्यात काकू येतात. “वाळलास की रे!” म्हणतात आणि त्याच दमात पगार विचारतात. रुपयांत किती होतात, याचा हिशेब मागच्या रांगेने आधीच केलेला असतो. (ही एवढी प्रथा मात्र शाबूत आहे.)

पंगतच हवी असेल तर केटररला आधी कळवा. ‘ट्रॅडिशनल पॅकेज’ मिळतं. फक्त ताटामागे दर जास्त पडतो.