सुधारून बिघडवलेली आवृत्ती

आमच्या डीटीपीवाल्या काकांचा संगणक दर खंडेनवमीला नवरदेवासारखा सजतो. झेंडूची माळ, हळदकुंकू, पडद्याच्या कपाळावर उभं गंध. सीडीच्या खणात दोन-चार अक्षता पडतात त्या तिथेच कायमच्या राहायला जातात. मागच्या बाजूला प्रिंटरच्या खोबणीत एक डोंगल बसवलेलं आहे. डोंगल म्हणजे मराठी फॉन्टची किल्ली; ते निघालं की मराठी बंद. काकांनी त्याला काळा दोरा बांधलाय. तो दोरा डोंगल पडू नये म्हणून की दृष्ट लागू नये म्हणून, हे मी विचारलेलं नाही. दोन्ही खरं असावं.

या यंत्रावर विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर आणि त्यावर काका, ही रचना गेली वीसेक वर्षं हललेली नाही. इंटरनेट जोडलेलं नाही. एका नव्या पोरानं कारण विचारलं तेव्हा काका म्हणाले, "अपडेट कुठनं येतं? वायरीतनं. मग वायरच नको." ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली तेव्हा जगभरच्या कचेऱ्यांत घबराट होती. काकांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले. "आता ह्याला कुणी शिकवायला येणार न्हाई," ते म्हणाले. "आता हा आपला झाला."

मी तेव्हा त्यांना हसलो होतो. मी कऱ्हाडातल्या एका जुन्या वाचनालयाचा कार्यवाह, म्हणजे बिनपगारी कारकून. पण विचारांनी पुरोगामी. फोनवर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' असं दिसलं की मी लगेच होकार द्यायचो. कुणी काही देऊ केलं तर नाही म्हणू नये, असं आईनं शिकवलेलं. काय दिलंय ते आधी बघावं, हे शिकवायचं राहून गेलं.

पहिला धक्का 'ल'नं दिला. मराठी माणसाचा ल पाकळ्यांचा. तो कसा काढायचा हे राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगून ठेवलेलं आहे. एके दिवशी सकाळी उठलो तर माझ्या फोनमधला ल रातोरात हिंदी वळणाचा, दांडीवाला झालेला. लोणचं परकं दिसायला लागलं, लुगडं परकं दिसायला लागलं. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "बाबा, एवढ्या बारीक गोष्टीकडे कशाला लक्ष देता?" लक्ष कसं देणार? त्याचाही ल तसलाच झाला होता.

नवीन काय काय केलंय याची एक यादी अपडेटबरोबर येते. तिच्यात ल नव्हता. तिच्यात नेहमीचं एकच वाक्य होतं: किरकोळ दोषांचं निराकरण आणि कामगिरीत सुधारणा. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते मला आता रस्त्यावरच्या 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' या पाटीसारखं दिसतं. पाटी असते, खड्डा असतो, क्षमाही मागितलेली असते. काम कशाचं चालू आहे ते मात्र खड्ड्यात उतरून बघावं लागतं.

पुस्तकांच्या जगात वाढलेल्या माणसाला याचा जास्त त्रास होतो. आमच्याकडेही नवी आवृत्ती येते. 'सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती' असं मुखपृष्ठावर छापलेलं असतं, लेखक प्रस्तावनेत काय सुधारलं ते सांगतो, आणि घ्यायची तर आपण जाऊन विकत घेतो. दुसरी आवृत्ती रात्री दोन वाजता तुमच्या कपाटात शिरून पहिलीच्या अंगावर बसत नाही. समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा पुसत नाही. 'अद्ययावत' हा शब्दच बघा ना. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. शब्द बिचारा प्रामाणिक आहे, आजपर्यंतचंच बोलतो. उद्याची हमी त्यानं कधी दिलीच नव्हती.

पण 'ल'चं दुःख मी गिळलं. खरा प्रसंग 'र'नं आणला.

वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. कार्यकारिणीत नव्यानं आलेल्या तरुण सभासदांनी ठराव मांडला की निमंत्रण व्हॉट्सअॅपवरही गेलं पाहिजे, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये हवा. काकांचे फॉन्ट जुन्या घराण्यातले. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर भाड्यानं राहतात. काकांच्या यंत्राबाहेर पाऊल टाकलं की त्यांचं पुन्हा इंग्रजी होतं, तेही कुठल्याच इंग्रजाला न कळणारं. म्हणून आम्ही जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. कुणाचं ते सांगत नाही. त्यांनाही आईवडील असतील.

सॉफ्टवेअर चांगलं होतं. त्याला एकच गोष्ट जमत नव्हती: 'दुसऱ्या'तला पापणीसारखा आडवा र. त्याचा ते सरसकट रफार करायचं. आता मराठीत हा आडवा र म्हणजे दागिना नाही, त्यानं अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. शिवाय आमचं गावच कऱ्हाड. त्याचं त्या सॉफ्टवेअरनं 'कर्हाड' करून ठेवलं. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड, त्याला आमची हरकत नाही; पण हे तिसरं नाव आम्हाला झेपेना. मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. वऱ्हाड, बिऱ्हाड, कुऱ्हाड, न्याऱ्या तऱ्हा, सगळी उदाहरणं दिली. आपण भाषेची सेवा करतोय अशी भावना होती.

आमच्या पत्राची दखल घेतली गेली. समारंभाच्या दहा दिवस आधी अपडेट आलं. यादीत लिहिलं होतं: रफाराविषयीच्या तक्रारींचं निराकरण. मी अभिमानानं होकार दिला, काकांचा मजकूर त्यातून काढला, पहिल्या ओळीत कऱ्हाड ठसठशीत उमटलेलं बघितलं आणि पुढचं न वाचता चारशे प्रती छापायला पाठवल्या.

निराकरण असं केलं होतं की आता प्रत्येक रफाराचा आडवा र होत होता.

काऱ्याध्यक्षांचं प्रास्ताविक होतं. बालवाचकांचे सूऱ्यनमस्कार होते. पण या दोन गोष्टी खपून गेल्या असत्या. आमचे प्रमुख पाहुणे संस्कृतचे एक वयोवृद्ध अभ्यासक. त्यांना सगळे आचार्य म्हणतात. निमंत्रणावर सुबक अक्षरांत छापलं होतं: 'आचाऱ्यांच्या हस्ते ग्रंथपूजन व आचाऱ्यांचा सत्कार.'

आमच्या स्नेहभोजनाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं एकच आचारी करतो. पद्धतीप्रमाणे त्यालाही निमंत्रण जातं. दरवर्षी तो दुपारपासून मागच्या अंगणात चुलाणाशी असतो. या वर्षी साडेपाचला तो पांढरा सदरा, कडक टोपी आणि पत्नी अशा थाटात सभागृहाच्या दारात उभा राहिला. हातात निमंत्रण. डोळे ओले. "इतकी वर्सं जेवू घातलं," तो म्हणाला, "कुणी नाव छापलं न्हवतं. मला ग्रंथातलं काय कळत न्हाई, पर पूजा करतो की."

त्याला खरं सांगायला कार्यकारिणीतले अकराजण होते. अकराहीजणांना त्याच क्षणी दुसरीकडे काम निघालं. तिकडे आचार्यांनी निमंत्रण व्यवस्थित वाचलेलं होतं, त्यांनी सकाळीच फोन करून विचारलं होतं, "स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे आहे असं दिसतं. किती पानं आहेत?" शेवटी पूजा दोघांनी मिळून केली. एकानं मंत्र म्हटले, दुसऱ्यानं नारळ फोडला. तो पहिल्या फटक्यात, सरळ दोन भकलं. दोघांनाही शाल दिली, त्यासाठी माझ्या सासऱ्यांची शाल आयत्या वेळी घरून आणली. या सगळ्यात चुलाणाकडे कुणी बघितलं नाही आणि मसालेभात खाली लागला. जगात सॉफ्टवेअरच्या दोषामुळे पुष्कळ काय काय झालंय, पण मसालेभात करपल्याची नोंद आमच्या इतिवृत्ताखेरीज कुठे असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला.

"सर, तुम्ही लेटेस्ट व्हर्जनवर आहात का?" पलीकडून एक गोड आवाज.

"त्याचंच हे झालंय."

"मग पुढच्या अपडेटमध्ये फिक्स होऊन जाईल."

"मला मागची आवृत्ती द्या ना. तिचे दोष पाठ आहेत माझे."

"मागचं व्हर्जन नाही देता येणार, सर. ते असुरक्षित आहे."

"कुणाला?"

याचं उत्तर त्यांच्या यादीत नसावं. लाइन संगीतावर गेली.

'तिचे दोष पाठ आहेत' हे मी चिडून बोललो खरा, पण फोन ठेवल्यावर पटलं. काकांच्या पेजमेकरमध्येही दोष आहेत. सोळाव्या पानावर एक चित्र टाकलं की तो बसतो. म्हणून काका सोळाव्या पानावर चित्र टाकत नाहीत. तिथे कायम कविता असते. आमच्या वार्षिक अंकात सोळाव्या पानावर कवीची वर्णी लागते ती त्याच्या गुणांवर नव्हे. घरातल्या नळाचं तसंच असतं. कुठला डावीकडे फिरवल्यावर उजवीकडे गळतो हे आपल्याला ठाऊक असतं, पाहुण्यालाच शिंतोडे उडतात. अपडेट झालं की आपण आपल्याच घरात पाहुणे होतो.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला हे तत्त्वज्ञान मान्य नाही. तो म्हणाला, "मामा, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं, आठवतं? लोकांच्या फायली कुलूप लावून ओलीस धरल्या, इंग्लंडमधली इस्पितळं अडकली. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते बुडाले." हे खरं आहे. मी मान्य केलं. मग मी त्याला १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, विमानं खोळंबली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. कारण काय, तर एका नमुन्यात २१ रकाने धरले होते आणि प्रत्यक्ष माहिती यायची २० रकान्यांची. आमच्या नगरपालिकेत एक रकाना रिकामा राहिला तर कारकून फक्त अर्ज परत करतो. विमान थांबवत नाही.

भाचा गप्प बसला नाही, पण चहा घ्यायला उठला. तेवढ्यात मी माझं म्हणणं पुरं करून घेतलं. दाराची कडी मोडली तर सुतार बोलवावाच. त्याला नाही म्हणणारा मूर्ख. पण हा सुतार कडी बसवतो, आणि जाताना देवघर माळ्यावर हलवतो, मिसळणाचा डबा न्हाणीघरात ठेवतो, आणि सांगतो की अभ्यासाअंती आम्हाला असं आढळलं. कडी हवी असेल तर हे सगळं घ्यावं लागेल. नुसती कडी मिळत नाही.

अगदी नुसती कडी बसवणारा एक सुतार मात्र आहे. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड कनूथ. १९७७ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली. छापखान्यानं शिशाचे खिळे टाकून नवं फोटोचं तंत्र घेतलं होतं, म्हणजे अपडेटच केलं होतं, आणि अक्षरं इतकी वाईट आली की कनूथ यांनी लिखाण बाजूला ठेवून अक्षरजुळणीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव टेख. जगभर गणिताची पुस्तकं अजून त्यावर जुळवतात. ते पुरं झाल्यावर त्यांनी जाहीर केलं: यात आता नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या क्रमांकात वर्तुळाच्या 'पाय'चा एकेक आकडा वाढतो. ३.१, ३.१४, ३.१४१ असं करत २०२१ मध्ये गाडी ३.१४१५९२६५३ वर आली. आपल्या माघारी क्रमांक थेट 'पाय' करावा आणि त्यानंतर उरलेल्या चुकांना हात लावू नये, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे पाय रोवून उभा हाय माणूस," ते म्हणाले. खंडेनवमीला त्यांनी कनूथांच्या नावानं एक जादा फूल वाहिलं. सिंहासनांच्या भांडणाच्या जाडजूड कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज मार्टिन अजून डॉसवरच्या वर्डस्टार ४ मध्येच लिहितात, हेही मी सांगितलं. पुढचा खंड कित्येक वर्षं आलेला नाही हे कळल्यावर काकांनी त्यांना फूल नाकारलं. मुदत पाळत नाही तो काकांच्या लेखी बाद, मग तो कुठल्याही आवृत्तीतला असो.

परवा हा लेख मी पेनड्राईव्हवर घालून काकांकडे नेला. त्यांनी तो पेनड्राईव्ह आधी धाकट्या संगणकाला लावून तपासला, म्हणजे भाच्याचं अगदीच ऐकत नाहीत असं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"लेख बगितला. तुमच्या सॉफ्टवेअरमधनं आलाय न्हवं?"

"हो. परवाच नवं अपडेट घेतलंय. म्हणतात, आता दोन्ही र बरोबर येतात."

"येत असतील. ह्यात आचारी हायत आनि आचार्य हायत," काका म्हणाले. "कोण कुठं बसायचा ते कागदावर लिवून द्या. हातानं."