प्रत्ययाला लटकलेले नाना

आमच्या नानांना लॅटिन येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना लॅटिनचं व्याकरण येतं, इतिहास येतो, कोणत्या कोशाची कोणती आवृत्ती चांगली तेही येतं. फक्त वाचता येत नाही.

याला कारण एक पत्र. ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्सनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लॅटिनमध्ये लिहिलेलं. बँकेतून निवृत्त होऊन पीएच.डी.ला बसलेल्या नानांनी पण केला : भाषांतराच्या कुबड्या नकोत, मूळ पत्रच वाचायचं! त्याला यंदा आठ वर्षं झाली.

तयारी जय्यत. फ्रिजवर पाच गणांचे विभक्तितक्ते. काकू त्यांच्या समासात दुधाचा हिशेब मांडतात. लुईस-शॉर्टचा दोन हजार पानी कोश. तो पनीरवर दाब म्हणून उत्तम चालतो. संस्कृत पाठ असल्यामुळे ‘इग्निस म्हणजे अग्नी, देन्स म्हणजे दंत’ असं करत नाना पहिला आठवडा हवेत होते. लॅटिनमध्ये नामांना द्विवचन चालत नाही हे कळल्यावर मात्र जवळचं कुणी गेल्यासारखे गप्प झाले.

एकदा भर गर्दीत, बसचा दांडा धरून ते मला म्हणाले, “बस हा शब्दच नव्हे रे! ओम्निबुस म्हणजे ‘सर्वांसाठी’. चतुर्थीचं बहुवचन. त्यातलं मूळ गळलं, शेपूट उरलं. आपण सगळे प्रत्ययाला लटकून चाललोय!”

“लटका, पण पुढे सरकून लटका,” कंडक्टर म्हणाला.

पुढे सरकणं हीच तर नानांची अडचण. वाक्य दिसलं की ते आधी शेवटी धावतात, क्रियापद पकडतात, मग कर्ता हुडकतात. लाल-हिरव्या बाणांनी कागद शेअरबाजाराच्या आलेखासारखा दिसू लागतो. पाचव्या शब्दाचा अर्थ कोशात सापडेपर्यंत पहिल्याचा विसरलेला असतो.

शेवटी सासष्टीतल्या एका वयोवृद्ध पाद्रींनी त्यांचे कान उपटले. “घरात ‘डब्यातला शेवटचा लाडू मुंग्यांनी’ एवढं ऐकल्यावर तुम्ही क्रियापद शोधायला धावता? नाही ना? वाट बघता. तुमच्या मराठीतही ते शेवटीच येतं! कोश मिटा. डावीकडून उजवीकडे, मोठ्यानं वाचा. सोपं वाचा, पुष्कळ वाचा, तेच पुन्हा वाचा.”

नाना तीन महिने मुलांच्या गोष्टी वाचत बसले. शेजाऱ्यांना वाटलं, कसलं तरी अनुष्ठान चाललंय. आणि परवा रात्री अकराला फोन : “जमलं! स्टीफन्स म्हणतो, इथल्या भाषांची ठेवण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे!”

“नाना, हे तुम्हीच आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं.”

“तेव्हा ते ऐकीव होतं. आज मी वाचलं!” आवाज खरोखर ओला होता.

“मग आता प्रबंध लिहायला घ्या.”

पलीकडे शांतता. मग खोकला.

“घेतला असता. पण ‘ग्रीकसारखी’ म्हणजे नेमकी कशी, हे ग्रीक आल्याशिवाय कसं लिहू?”

मागून काकूंचा आवाज आला, “नवे तक्ते लावणार असाल तर समास जरा मोठा सोडा. दूध वाढवलंय.”