ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि पद्मिनीचं तेल

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. ज्याने हे सांगितलं त्याच्याकडे जुनी गाडी नसावी. असती, तर तिसरी बाब त्याने नक्की घातली असती.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८९ची. वडिलांनी ती घेतली, मी सांभाळतो आणि बायको सहन करते. जिथे उभी राहील तिथे ती सही करून निघते : रुपयाएवढा काळा डाग. ‘तुमच्या पार्किंगमध्ये ठिबक सिंचन चालू आहे,’ असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा तोंडी आणि एकदा लेखी कळवलं. मग मी रात्री इंजिनखाली पेपर अंथरू लागलो. सकाळी आधी डाग मोजायचे, मग उरलेल्या जागेतल्या बातम्या वाचायच्या.

दिवाळीत भाचीच्या लग्नासाठी पुण्याहून कोल्हापूरला जायचं ठरलं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या रविवारी मी स्वतः पाना घेऊन इंजिनचा हाताला लागेल तो नट करकचून आवळला. त्यामुळे माझ्या बाजूने मी निर्धास्त होतो.

मागच्या सीटवर काका. त्यांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. ‘गळती थांबवायची नसते रे, मोजायची असते,’ हे त्यांनी कात्रजचा बोगदा येण्याआधीच मला समजावून सांगितलं.

शिरवळला चहाला थांबलो. कप खाली ठेवेपर्यंत गाडीने सही केली होती. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा गाडीखाली सरकला, बोट बुडवून बाहेर आला आणि अत्तर हुंगावं तसं ते बोट त्याने हुंगलं. ‘इंजिन ऑइलच आहे. गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा वास आला असता, ब्रेकचं असतं तर पातळ लागलं असतं.’ एवढं शास्त्रशुद्ध निदान ऐकून मी भारावलो. ‘चेंबरचं पॅकिंग,’ असा निकाल देऊन त्याने चेंबरचे बोल्ट आवळले. तो खाली आवळतोय म्हणून मी वरून आवळले. उगाच रिकामं का उभं राहायचं?

खंबाटकी घाटात बॉनेटमधून फोडणी करपल्याचा वास येऊ लागला. गरम सायलेन्सरच्या पाइपवर तेल पडलं की असा वास येतो. ‘आता कढीपत्ता टाका,’ बायको म्हणाली.

साताऱ्यातल्या मिस्त्रींनी चेंबरच्या पॅकिंगची कल्पना हसण्यावारी नेली. त्यांच्या मते दोष तेल काढायच्या नटाखालच्या वॉशरचा होता. तांब्याचा वॉशर बदलला. आम्ही कंदी पेढे घेतले. त्या वेळात गाडीने दोन सह्या केल्या. मी पुन्हा पाना फिरवला.

कराडचे मिस्त्री गंभीर होते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून टपकणारा थेंब त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला दाखवला. ‘क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. दोन दिवस.’ घरच्यांना कळवावं अशा आवाजात ते बोलत होते. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. डिपस्टिक पाहिली, तेल खालच्या खुणेला टेकलेलं. अर्धा लिटर ओतलं आणि निघालो.

पण काकांना प्रीतिसंगम पाहायचा होता. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते पाहत ते म्हणाले, ‘पाणी इथं दिसतंय म्हणून काय नदी इथं उगम पावली? या दोघींचं मूळ वर, महाबळेश्वरला.’ मी मनातल्या मनात गिअरबॉक्स उतरवायचा खर्च मांडत होतो. मोठी माणसं बोलतात तेव्हा ऐकावं, ते एवढ्यासाठीच.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी भाचीचे सासरे मला उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. मी तिन्ही निदानं क्रमवार सांगितली. ते गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत.

‘तेल खाली गळतंय म्हणून समदी खाली बघत्यात. तेल काय वर चढतंय व्हय सायेब? वरनं उतरतंय आन् पळत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं सरकतंय. सगळ्यात वर आन् सगळ्यात म्होरं वल्लं कुठं हाय, ते बगायचं.’

त्यांनी डिझेल आणि ब्रशने इंजिन घासून लख्ख धुतलं, हवा मारून सुकवलं आणि बायकोकडे वळून विचारलं, ‘वैनी, तोंडाला लावायची पावडर हाय?’ पर्समधला डबा निघाला. मिस्त्रींनी सबंध इंजिनवर पावडर शिंपडली. बॉनेटखाली पद्मिनी नव्या नवरीसारखी नटली. ‘आता रंकाळ्याला एक चक्कर मारून या.’

परत येऊन बॉनेट उघडलं. पांढऱ्याशुभ्र पावडरीवर एकच तपकिरी रेघ उमटली होती. माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ती निघाली होती, इंजिनच्या पाठीवरून उतरली होती आणि कराडच्या मिस्त्रींनी दाखवलेल्या नेमक्या त्या जागी थेंब होऊन लोंबत होती. सील शाबूत होतं. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं तेल पडत होतं, इतकंच.

मिस्त्रींनी कव्हर काढलं. कॉर्कचं पॅकिंग कोपऱ्यात चिरडून फाटलं होतं आणि पत्र्याची कड नटांपाशी खाली वाकली होती. ती लाकडावर ठेवून त्यांनी हलक्या हाताने ठोकून सपाट केली, नवं पॅकिंग बसवलं आणि दोन बोटांत पाना धरून नट जेमतेम बसवले.

‘कॉर्क हाय ह्यो. लई आवळला की दबतोय, पत्रा वाकतोय आन् मग जास्तच गळतंय. कुनी आवळलं हे एवढं?’

मी रंकाळ्याच्या दिशेने पाहू लागलो. बायको माझ्याकडे पाहू लागली. काका शांतपणे म्हणाले, ‘शिरवळला एकदा, साताऱ्याला एकदा. पुण्याचं मला माहीत नाही.’ त्यांनी मोजलं होतं.

मूळ का शोधू नये, ते त्या दिवशी कळलं. शोधत वर वर गेलं की शेवटी आपलाच हात सापडतो.

पुण्याला परतल्यावर आठवडाभर पेपर अंथरला, तो कोराच निघाला. सेक्रेटरींना अजून खरं वाटत नाही. तुमचीही जुनी गाडी गळत असेल, तर आधी इंजिन धुवा, मग पावडर मारा आणि नजर वर ठेवा. पाना मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. आमचा बायकोच्या कपाटात आहे.