ॲरेवाले सर

नगरच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली विहिरीवरच्या मोटारींचे ऑटो-स्टार्टर बनवणारा माणूस बसतो, त्याची कुळीच निराळी. हाताखालची पोरं त्याला सर म्हणतात, गिऱ्हाइकं शेठ म्हणतात. खिशात टेस्टर, बोटावर सोल्डरिंगचा जुना डाग, आणि बाइट मोजताना चेहऱ्यावर सोनाराची सावधगिरी.

सरांची बुद्धी 8051 वर घडलेली. इंटेलने 1980 साली काढलेल्या त्या चिपमध्ये रॅम 128 बाइट. पहिले 32 रजिस्टरांचे, उरलेल्यात स्टॅकही बसवायचा. अशा संसारात वाढलेला माणूस उधळा निघत नाही. आता बोर्डावर 20 केबी रॅमची चिप आली आहे, तरी ॲरेत, म्हणजे सलग खणांच्या रांगेत, खण सहा द्यावेत की आठ, यावर सरांचा चहा थंड होतो. घरच्या लग्नातही आधी पानं ठरतात, मग पाहुणे.

पुण्याहून नवा पोरगा येतो तो लिंक्ड लिस्ट घेऊनच: प्रत्येक खणात पुढच्या खणाचा पत्ता, म्हणजे पॉइंटर. "सर, मॅलोक करू. लागेल तेवढी मेमरी घ्यायची, काम झालं की सोडायची." सर उठून शिर्डीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवलेला कागद दाखवतात. ब्रिटनच्या मोटार उद्योगाने 1998 साली सी भाषेसाठी मिस्रा नावाचे नियम काढले, त्यांतला मॅलोकबंदीचा नियम. तो गाड्यांसाठी होता आणि सरांच्या मोटारी विहिरीतल्या. पण मोटार ती मोटार.

"हे बघ, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो. मधली पिन निसटली की मागची ट्रॉली रस्त्यात. ऊस आहे, वजन आहे, पण कारखान्याला काय उपयोग? आणि एका बाइटच्या रीडिंगला चार बाइटचा पॉइंटर! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."

म्हाताऱ्याचं चुकत नाही. जामखेडच्या रानात बॅटरीवर महिनोन्महिने जागा असलेला स्टार्टर रीस्टार्ट करायला कोण जाणार? थ्री-फेज लाईट रात्री अडीचला येते. नेमके तेव्हा मेमरीचे तुकडे पडून मॅलोकने हात वर केले, तर शेतकरी फोन सरांना करतो, मॅलोकला नाही.

ॲरेनेही सरांना दगा दिला आहे. स्टार्टरच्या स्क्रीनवर शहराचं नाव इंग्रजीत येई. अहमदनगरची अक्षरं दहा, नाव संपल्याचं सांगणारं शेवटचं शून्य धरून अकरा. सरांनी अकराच बाइट दिले, बारावा कशाला? 2024 साली शहर अहिल्यानगर झालं. अक्षरं अकरा, शून्याला जागाच नाही, आणि कंपायलरने हू की चू केलं नाही. स्क्रीनवर नावाला चौकोनांची शेपटी फुटली. "सरकारला एक बाइट द्यावा लागला," म्हणत सरांनी बारा केले.

खरा पेच पडला तो पारनेरकडच्या सामायिक विहिरीमुळे. वाटेकरी पाच, पाळ्या ठरलेल्या. ज्याची पाळी, त्याच्याच मोबाइलवरून मोटार सुरू. पाच खणांचा ॲरे, झकास. मग तिसऱ्या वाटेकऱ्याचा पोरगा वेगळा निघाला. त्याला पाळी हवी बापाच्या लगेच मागे. मध्ये खण घुसवला तर मागचे सगळे सरकतात. आणि चौथ्याची पाळी चालू असली, तर 'सध्या कोण' हा आकडा नव्या पोराकडे बोट दाखवतो. चौथ्याची मोटार बंद, भावकी बांधावर. लिंक्ड लिस्टला दोन पॉइंटर फिरवले की झालं. पुण्याचा पोरगा नुसता हसला. सर संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ खणांचा ॲरे आणला. प्रत्येक खणात मोबाइल नंबर, आणि शेजारच्या बाइटात आकडा: याच्यानंतर कितवा खण. शेवटच्याकडून परत पहिल्याकडे.

"सर, ही लिंक्ड लिस्टच झाली की!"

"ॲरे आहे. फक्त पुढचा कोण ते लिहून ठेवलंय."

"आणि आठाच्या वर वाटेकरी गेले तर?"

सरांनी पारनेरला फोन लावला. "बाबा, यापुढे वाटणी करायची असली तर आधी मला विचारा."