मास्तरांचं टपालखातं

लालबर्‍याचे आमचे निवृत्त मास्तर बाजारची वस्तू उंबर्‍याच्या आत येऊ देत नाहीत. तांदूळ घरच्या बांधीतला चिन्नोर, लोणचं घरचं, आणि निवृत्तीपासून ईमेलही घरचीच. देवघराखालच्या कप्प्यात रास्पबेरी पायचा चिमुकला डबा, त्यात पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर. "आपली पत्रं परक्या कंपनीनं का सांभाळावी?" हा सवाल ते सिवनी रस्त्यावरच्या चहाटपरीवर कुणालाही करतात. उत्तरासाठी थांबत नाहीत.

मेल येते झकास. वीज गेली तरी मास्तर निवांत, कारण पाठवणारा सर्व्हर पुन्हापुन्हा दार ठोठावतो, चार-पाच दिवस दम धरतो. घोडं अडतं ते पाठवताना.

मेल पाठवणं म्हणजे सोयरीक जमवणं. मुलगा कितीही गुणी असो, आधी घराणं बघतात. या नावानं पत्र धाडायचा हक्क कुणाला, ते एसपीएफ सांगतो. डीकेआयएम सही करतो. दोघांपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं, ते डीमार्क ठरवतो. तिन्ही नोंदी मास्तरांनी चोख केल्या. दिवसाला 5000 मेल पाठवणाऱ्यांवर 2024च्या फेब्रुवारीत गूगलनं घातलेल्या अटी मास्तर तीन मेलांसाठी पाळतात! पण आयपी पत्ता पडला घरगुती. स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत अशा पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे असतात. गुन्हा काही नाही, घरून थेट मेल धाडू नये एवढंच. शिवाय पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद इंटरनेट देणाऱ्याच्या हातात. मास्तरांनी फोन लावला. सल्ला मिळाला, "सर, राउटर एक बार बंद करके चालू कीजिए." तेही केलं.

तेव्हापासून मास्तरांच्या प्रत्येक मेलमागून त्यांचा फोन येतो. "स्पॅममध्ये पाहा. सापडली? आता 'नॉट स्पॅम' दाबा. दाबलं? वाचा मग." वाराशिवनीचा भाचा एकदा म्हणाला, "मामाजी, फोन लागलाच आहे तर मजकूरच सांगून टाका ना." मास्तरांनी फोन ठेवला आणि तोच मजकूर पुन्हा मेलनं धाडला.

तोडगा शेवटी भाच्यानंच काढला. जाणारी मेल भाड्याच्या रिले सर्व्हरमार्फत पाठवायची, येणारी देवघराखाली उतरवायची. मास्तरांनी बरेच दिवस विचार करून मंजुरी दिली. अट एकच: टपरीवर याची वाच्यता नको.